चेतकच्या स्केल मॉडेलसाठी रेझिनचे अचूक भाग : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी १/४८ आणि १/७२ मापाच्या चेतक हेलिकॉप्टरसाठी रेझिनचे (दोन द्रव मिसळून साच्यात ओतले की घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकचे) भाग बनवतो : रोटर हेड (पाती जिथे जोडलेली असतात तो मधला भाग), इंजिन, चाकं, सीट, पाती. ज्यांनी हे भाग घेतले ते, आणि ज्यांना स्वतः करून बघायचे आहेत तेही, साधारण हेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या किटमध्ये सगळे भाग असतातच. मग रेझिनचे वेगळे कशाला?

किटचे भाग पोलादी साच्यात तयार होतात. पोलादी साचा सरळ उघडतो, सरळ मिटतो. त्यामुळे ज्या भागाला आत वळलेली खाच आहे, मागून पोकळी आहे, तो त्या साच्यातून सुटत नाही. किटवाल्याला तिथे खाच बुजवावी लागते किंवा भाग सपाट करावा लागतो. सिलिकॉनचा साचा मात्र ताणून, सोलून काढता येतो. पेणच्या कारखान्यात गणपती रबराच्या साच्यातून सोलून काढताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. सोंडेच्या मागची पोकळीसुद्धा शाबूत राहते, कारण साचाच वाकतो.

लढाऊ विमानाचं बरंचसं यंत्र कातडीखाली झाकलेलं असतं. चेतकचं उलट आहे. त्याचं आर्टूस्ट थ्री-बी इंजिन पाठीवर जवळजवळ उघडंच बसवलेलं आहे. त्यावरच्या नळ्या, तारा, पट्टे सगळे बाहेरून दिसतात. रोटर हेड तर डोक्यावरच आहे. म्हणजे जिथे बघणाऱ्याची नजर आधी जाते, तीच जागा किटमध्ये सगळ्यांत कच्ची असते. रेझिनची खरी गरज तिथे आहे. बाकी शेपटीचा दांडा, दारं हे किटचंच बहुतेक वेळा चांगलं असतं. ते बदलू नका.

चेतकच का?

कारण हे आपलं रोजचं हेलिकॉप्टर आहे. चेतक म्हणजे फ्रान्सच्या अलूएत थ्रीचीच आपल्याकडे बनलेली आवृत्ती. त्या अलूएत थ्रीने पहिलं उड्डाण केलं १९५९ मध्ये. १९६२ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवाना घेतला आणि १९६५ पासून बेंगळुरूत बनलेली चेतक सेवेत दाखल होऊ लागली. पुढे ३०० हून अधिक बनली. कुलाब्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी समुद्रावरून जाणारी नौदलाची चेतक लहानपणापासून पाहिलेली असते. तरी या यंत्राचे नीट सुटे भाग मिळत नव्हते. जे मिळत ते युरोपातल्या अलूएतसाठी केलेले असत, आणि त्यातल्या सीट, रेडिओ, अँटेना आपल्याकडच्या फोटोंशी जुळत नसत.

मापं कुठून घेता?

पहिलं काम मापाचंच, आणि सगळ्यांत जास्त वेळ त्यालाच जातो. मास्टरमध्ये, म्हणजे ज्या मूळ नमुन्यावरून साचा काढतो त्यात, एक चूक राहिली, तर ती साच्यातून पन्नास जणांच्या घरी जाते. आपल्या मॉडेलवरची चूक आपण सुधारू शकतो, पण विकलेल्या भागातली चूक कोण सुधारणार? म्हणून मास्टर तयार झाल्यावर मी तो आठवडाभर बाजूला ठेवतो, आणि मग पुन्हा फोटो समोर ठेवून वर्निअरने सगळी मापं तपासतो.

आधी खात्रीची मोठी मापं धरायची. मुख्य रोटरचा व्यास ११.०२ मीटर. म्हणजे १/४८ मध्ये २२९.६ मिलिमीटर आणि १/७२ मध्ये १५३ मिलिमीटर. धड १०.०३ मीटर लांब, म्हणजे १/४८ मध्ये २०९ मिलिमीटर. ही दोन मापं किटच्या भागांशी जुळतात का ते बघा. किट मुळातच लहान-मोठं असेल, तर तुमचा अचूक भाग त्यावर बसणारच नाही, आणि तसं असेल तर ते आधीच कळलेलं बरं.

मग प्रत्यक्ष यंत्र. गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे चेतक आहे, शिवाय सी किंग आणि कामोव्ह ही हेलिकॉप्टरंही आहेत. परवानगी विचारून, हात न लावता, वाटेल तितका वेळ बघत उभं राहता येतं. मी तिथे गेलो की एक पट्टी सोबत नेतो. तिच्यावर काळे-पांढरे दहा-दहा सेंटिमीटरचे ठोकळे रंगवलेले आहेत. फोटोत भागाच्या शक्य तितक्या जवळ, त्याच अंतरावर ती धरायची. घरी आल्यावर मापाचा अंदाज त्यावरून निघतो.

दोन सावधगिऱ्या. संग्रहालयातल्या यंत्रावर वर्षानुवर्षं रंगाचे थर चढलेले असतात, त्यात बारीक जोड बुजतात. काही भाग काढून घेतलेले असतात. त्यामुळे तिथे दिसलं नाही म्हणून ते मुळात नव्हतं असं धरू नका, चालू सेवेतल्या चेतकच्या प्रसिद्ध झालेल्या फोटोंशी पडताळा. दुसरं, नौदलाच्या किंवा हवाई दलाच्या तळाबाहेर उभं राहून कॅमेरा लावू नका. तिथे फोटो काढायला मनाई आहे, आणि ती पाळायचीच.

फोटोवरून काढलेली मापं चुकतात का?

जवळून काढलेला फोटो चुकवतोच. मोबाइल रोटर हेडपासून दोन मीटरवर धरला, तर तुमच्याकडचा हात मोठा दिसतो आणि पलीकडचा लहान. शक्य तितकं लांब जायचं आणि झूम करायचं. पंधरा-वीस मीटरवरून झूम करून काढलेला बाजूचा फोटो ड्रॉइंगच्या जवळपास जातो.

पुस्तकातलं तीन बाजूंचं ड्रॉइंग आहे, ते वापरू का?

वापरा, पण तपासून. सुरुवातीच्या काळात मी एका छापील ड्रॉइंगवर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि इंजिनच्या मागची धुराची नळी त्यावरून केली. मास्टर झाला, साचा झाला, बारा संच गेले. मग एका जाणकाराने फोटोवर रेघ मारून दाखवलं की नळी १/४८ मध्ये दोन मिलिमीटर आखूड आहे. दोन मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ दहा सेंटिमीटर. बाराही जणांना नवीन नळी पाठवली. तेव्हापासून कोणतंही ड्रॉइंग हातात आलं की आधी त्यावरचा रोटरचा व्यास आणि धडाची लांबी यांचं गुणोत्तर काढतो. छापताना कागद एका दिशेने ताणला गेला असेल, तर ते तिथेच कळतं.

१/४८ मध्ये नेमकं किती बारीक करता येतं?

वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा : १/४८ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे ४८ मिलिमीटर. किटची काच एक मिलिमीटर जाड असेल, तर खऱ्या यंत्रावर ती जवळजवळ दोन इंच जाडीची झाली! पॅनेलची रेघ ०.१ मिलिमीटर रुंद कोरली, तर ती प्रत्यक्षात पाच मिलिमीटरची फट होते. खऱ्या यंत्राचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास धरला, तर स्केलमध्ये तो ०.०२ मिलिमीटर येतो. एवढा पातळ भाग रेझिनमध्ये निघत नाही, आणि निघाला तरी हातात टिकत नाही.

म्हणून अचूकपणा म्हणजे प्रत्येक मापाला ४८ ने भागणं नव्हे. भाग जिथून दिसतो तिथली कड पातळ करायची, मागे जाडी ठेवायची. सीटच्या पाठीची वरची कड मी मागून तिरकी घासतो. समोरून ती पत्र्यासारखी दिसते, पण मुळाशी ०.६ मिलिमीटर जाडी असते. धुराच्या नळीचं तोंडही असंच आतून कोन करून पातळ करायचं. डोळ्याला फक्त कड दिसते.

मास्टर हाताने करता की थ्रीडी प्रिंट?

दोन्ही. रोटर हेडसारखा तीन सारख्या हातांचा भाग संगणकावर काढलेला बरा, कारण तिथे १२० अंशांचा कोन हाताने साधणं कठीण. केबिनमधल्या गाद्या, पट्टे, कापडी आवरणं मात्र हाताने केलेलीच जिवंत वाटतात. त्यासाठी दोन घटकांची एपॉक्सी पुट्टी आणि दात कोरायची काडी पुरते. पट्ट्यांसाठी पातळ शिशाचा पत्रा.

प्रिंटरचा एक ठिपका किंवा एक थर ०.०५ मिलिमीटरचा असेल, तर १/४८ मध्ये तो प्रत्यक्षातल्या २.४ मिलिमीटरच्या पायरीएवढा होतो. प्राइमर मारल्यावर या पायऱ्या ठळक दिसतात. त्यामुळे प्रिंट तसाच साच्यात टाकू नका. प्राइमर, मग ८०० आणि १२०० चा वॉटर पेपर, परत प्राइमर. रेघा राहिल्या तर सिलिकॉन त्या इमानदारीने उचलतो.

सिलिकॉन कोणतं घ्यावं?

बाजारात दोन जाती मिळतात. टिन-क्युअर स्वस्त आणि सोशिक, पण साचा काही महिन्यांत थोडा आकसतो, कडक होत जातो. प्लॅटिनम-क्युअर महाग, आकसणं जवळपास नाही, पण नखरेल. गंधक त्याला चालत नाही. साधी प्लॅस्टिसिन, रबरी हातमोजे, नीट न पिकलेला (पूर्ण कडक न झालेला) थ्रीडी प्रिंट यांपैकी काहीही लागलं, की तिथे सिलिकॉन घट्टच होत नाही, चिकट लगदा राहतो. प्रिंटवर प्लॅटिनम वापरायचं असेल, तर प्रिंट नीट धुवा, उन्हात किंवा दिव्याखाली पूर्ण पिकवा, त्यावर अ‍ॅक्रिलिक क्लिअरचा थर द्या, आणि आधी टाकाऊ तुकड्यावर थोडं सिलिकॉन लावून रात्रभर बघा. हातमोजे नायट्राइलचेच घ्या. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूच्या रसायनांच्या दुकानांत चौकशी करा. मूर्तिकारांना माल देणाऱ्यांकडेही मिळतं.

दोन भागांचा साचा कसा करायचा?

मास्टर प्लॅस्टिसिनमध्ये (प्लॅटिनम सिलिकॉन असेल, तर बिनगंधकाच्याच) अर्ध्यापर्यंत बसवायचा, भोवती गोल खळगे करायचे, म्हणजे दोन्ही अर्धी पुढे एकमेकांत नेमकी बसतात. पेटीला मुलांचे लेगोचे ठोकळे उत्तम. पहिलं अर्धं घट्ट झाल्यावर प्लॅस्टिसिन काढा, वर व्हॅसलीनचा अगदी पातळ थर द्या, दुसरं अर्धं ओता. व्हॅसलीन विसरलात, तर दोन्ही अर्धी कायमची एक होतील.

रेझिन ओतायची वाट नेहमी न दिसणाऱ्या बाजूला. रोटर हेडमध्ये मी ती खालच्या दांड्याच्या टोकाला ठेवतो, कारण तो दांडा धडात जातो आणि कापलेली खूण झाकते. हवा बाहेर जायची वाट सगळ्यांत उंच टोकावर ठेवायची. ओतायच्या वाटेत घट्ट झालेला, मॉडेल करणाऱ्याला कापायचा ठोकळा जितका लहान, तितकी त्याची करवत कमी घसरते.

भागात फुगे येतात. काय चुकतंय?

मिसळताना गेलेली हवा, किंवा साच्याच्या बारीक टोकात अडकलेली हवा. ओतण्याआधी साच्यात थोडी टाल्कम पावडर भुरभुरून झटकून टाका. तिच्यामुळे रेझिन कोपऱ्यात ओढलं जातं. याने निम्मे फुगे कमी होतात.

कायमचा उपाय म्हणजे दाबाची टाकी. ओतल्याबरोबर साचा टाकीत ठेवून सुमारे ४० ते ५० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब द्यायचा आणि घट्ट होईपर्यंत ठेवायचा. फुगे जात नाहीत, पण चिरडून इतके लहान होतात की दिसत नाहीत.

इथे मी एकदा चांगलाच अडकलो. साचा मी साध्या हवेत घट्ट केला होता आणि ओतकाम दाबाखाली केलं. सिलिकॉनच्या पोटात लपलेले फुगे दाबाने चिरडले, साच्याचा पृष्ठभाग तिथे आत दबला आणि प्रत्येक भागावर बारीक गोळे उठले. इंजिनवर ते रिव्हेटसारखे दिसत होते, म्हणून मलाही दोन खेपा उशिरा कळलं. खऱ्या फोटोशी ताडून पाहिलं तेव्हा त्या ओळीत रिव्हेट नव्हतेच. तेव्हापासून नियम केला : दाबाखाली ओतायचं, तर साचाही त्याच दाबाखाली घट्ट करायचा.

दाबाच्या टाकीऐवजी घरचा कुकर चालेल का?

अजिबात नाही. घरचा कुकर साधारण १५ पीएसआयला शिट्टी देतो, तो त्याहून जास्त दाबासाठी बनवलेलाच नाही. झडप बंद करून कॉम्प्रेसर जोडणं म्हणजे बॉम्ब बनवणं. रंगकामाची, दाब लिहून दिलेली, सेफ्टी व्हॉल्व्ह असलेली टाकी घ्या आणि लिहिलेल्या दाबाच्या खालीच राहा.

पावसाळ्यात रेझिन फसफसतं. का?

पॉलियुरेथेन रेझिनच्या एका डब्यात आयसोसायनेट असतं. ते पाण्याशी मिळालं की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि भाग पावासारखा फुगतो. कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवा एवढी दमट असते की डबा दोन मिनिटं उघडा राहिला तरी पुढच्या ओतकामात फरक दिसतो.

माझी पावसाळ्यातली पद्धत अशी. डबा उघडला की लागेल तेवढं काढून लगेच बंद. लहान डबे घ्यायचे, म्हणजे एक डबा लवकर संपतो. कागदी कप आणि आइस्क्रीमच्या लाकडी काड्या नको, दोन्हींत ओल असते. प्लॅस्टिकचे कप, प्लॅस्टिकची किंवा स्टीलची काडी. साचा ओतण्याआधी तासभर ५०-६० अंशांवर सुकवायचा, पण ज्यात पुन्हा कधी अन्न जाणार नाही अशाच जुन्या ओव्हनमध्ये. संततधार लागली असेल, तर त्या दिवशी ओतकाम करत नाही. मास्टर घासायचं काम काढतो.

विदर्भातल्या मित्रांचा त्रास वेगळा. एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशांवर तीन मिनिटांत घट्ट होणारं रेझिन मिनिटभरातच कपात तापून घट्ट होतं. पहाटे ओता, आणि डबे आधी थंड जागी ठेवा. फ्रीजमध्ये नको, बाहेर काढल्यावर त्यावर दव येतं आणि परत पाण्याचंच संकट.

रोटरची पाती वाकतात. सरळ कशी ठेवायची?

चेतकचं पातं सुमारे ३५ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे १/४८ मध्ये ७.३ मिलिमीटर, आणि जाडी एक मिलिमीटरच्या आत. लांबी दहा सेंटिमीटरच्या पुढे. नुसत्या रेझिनचं एवढं लांब पातं पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत एका उन्हाळ्यात लोंबतं. म्हणून मी साच्यात आधी ०.४ मिलिमीटरची स्टीलची तार ताणून ठेवतो आणि मग ओततो. तार मुळाकडे चार मिलिमीटर बाहेर राहते, तीच रोटर हेडच्या भोकात बसते. जोडही पक्का होतो.

मात्र पाती सरळ ठेवू नका! जमिनीवर उभ्या चेतकची पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकलेली असतात. पातं गरम पाण्यात अर्धा मिनिट धरा, बोटांनी टोकाकडे हळूहळू झुकवा, मग थंड पाण्यात. थंड असतानाच वाकवलंत, तर तारेभोवती रेझिन तडकेल. तिन्ही पाती एकावर एक ठेवून झुकाव जुळतो का ते बघा.

आणखी एक महत्त्वाचं. फ्रेंच घराण्याची ही हेलिकॉप्टरं वरून बघितल्यास घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात. सी किंग उलट फिरतं. पातं वरून बघा, टोक तुमच्यापासून लांब : जाड, गोलसर कड उजवीकडे हवी. संगणकावर फाइल चुकून आरशासारखी उलटली, तर तिन्ही पाती चुकतात, आणि नवख्याच्या नजरेला ते पटकन कळत नाही.

दोन पात्यांमध्ये जाणाऱ्या बारीक तारा मी रेझिनमध्ये देत नाही. त्या गरम करून ताणलेल्या स्प्रूच्या (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या काडीला जोडून येतात तिच्या) किंवा मासेमारीच्या पातळ दोऱ्याच्या करा.

हेच भाग चीता हेलिकॉप्टरला चालतील का?

रोटर हेड, पाती आणि इंजिन चालतील. चीता म्हणजे फ्रान्सचं लामा. जुन्या अलूएत टूचा सांगाडा आणि अलूएत थ्रीचं इंजिन-रोटर अशी त्याची जोडणी आहे. हिमालयातल्या उंचीसाठी आपल्या सैन्याच्या गरजेतूनच ते घडलं. १९७२ मध्ये याच लामाने १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला होता. म्हणून एका मास्टरवर दोन यंत्रांची सोय होते, याचा मला मनापासून आनंद आहे.

शेपटी मात्र चेतकची पत्र्याने मढवलेली, चीताची उघड्या नळ्यांची. ती जाळी रेझिनमध्ये मागू नका. ०.८ आणि ०.५ मिलिमीटरची पितळी तार डाग देऊन जोडा, तीच खरी दिसते.

काचा का देत नाही?

पारदर्शक रेझिन जाड होतं, काही वर्षांत पिवळं पडतं. चेतकचा पुढचा भाग जवळजवळ पूर्ण काचेचा. तिथे व्हॅक्यूमने ओढलेली पातळ प्लॅस्टिकची काचच हवी.

आकसण्याचा हिशेब धरावा का?

रोटर हेड पंधरा मिलिमीटरचं. घट्ट होताना रेझिन अर्धा टक्का आकसलं, तरी त्यात ते काहीच नाही. दहा सेंटिमीटरच्या पात्यात तोच अर्धा टक्का अर्धा मिलिमीटर होतो. म्हणून पात्याचा मास्टर किंचित लांब ठेवतो, आणि पहिला भाग मोजून ठरवतो. ओतलेल्या भागालाच मास्टर धरून दुसरा साचा कधी करू नका, आकसणं दुप्पट होतं.

दुसऱ्याचा भाग विकत घेऊन त्याचा साचा काढला तर?

स्वतःपुरताही काढू नका. त्या मास्टरमागे कुणाचे महिने गेलेले असतात, आणि अशा लहान धंद्यात दहा-वीस संचांची विक्रीसुद्धा पुढचं काम चालू राहील की नाही हे ठरवते.

चिकटवायला काय वापरू?

किटचा नेहमीचा गम रेझिनला धरत नाही, तो फक्त प्लॅस्टिक विरघळवतो. फेव्हिक्विकसारखा सायनोअ‍ॅक्रिलेट गम, किंवा वजन पेलणाऱ्या जोडाला एपॉक्सी. त्याआधी भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने घासून धुवा, नाहीतर साच्याचं तेल रंगाखाली राहतं आणि चिकटपट्टीबरोबर रंग उचलला जातो.

आरोग्याची काळजी?

ओतताना खिडकी उघडी, सेंद्रिय वाफांचा मास्क, हातमोजे. आयसोसायनेटची एकदा अ‍ॅलर्जी जडली, तर ती आयुष्यभर राहते, दमाही होऊ शकतो. तयार भाग निर्धोक असतो, पण त्याची धूळ नाही. कोरडं घासू नका, ओल्या वॉटर पेपरनेच घासा. स्वयंपाकघरात हे काम नको, आणि लहान मुलं आसपास असताना तर नकोच.

एका साच्यातून किती भाग निघतात?

साधा असेल तर चाळीसच्या आसपास, रोटर हेडसारखा गुंतागुंतीचा असेल तर वीस-पंचवीस. रेझिन हळूहळू सिलिकॉनला चावतं, बारीक टोकं तुटायला लागतात. पंधराव्या भागापासून मी प्रत्येक नग भिंगाखाली बघतो.

मला सुरुवात करायची आहे. कोणत्या भागापासून करू?

चेतकच्या पुढच्या चाकापासून. ते छोटं आहे, साचा एकाच भागाचा चालतो, आणि टायरची खाली बसलेली बाजूच ओतायची वाट होते, त्यामुळे कापलेली खूण जमिनीला लागून झाकली जाते. किटचं चाक शेजारी ठेवा, खऱ्या चाकाचे तीन-चार बाजूंनी फोटो मिळवा, मधल्या रिमचा व्यास आणि टायरची उंची यांचं गुणोत्तर काढा, आणि प्लॅस्टिकच्या चकत्या एकावर एक चिकटवून मास्टर घासायला घ्या. दोन रविवारांत पहिला साचा ओतून होईल.